रग्बीचा सामना शूट करायचाय? लग्नाची सेटिंग घरी ठेवा, आधी शटर ठरवा



फोटो स्टुडिओवाल्यांनी स्पोर्ट्सच्या ऑर्डर घ्याव्यात, असं मी चॅनेलवर सांगितलं तेव्हापासून एकच प्रश्न सारखा येतोय. "सर, सेटिंग काय ठेवायची?" व्हिडिओत आकडे पटकन दाखवता येतात, पण तो आकडा का, हे सांगायला वेळ पुरत नाही. आणि कारण कळलं नाही तर ऊन गेलं, ढग आले, की पाठ केलेला आकडा उपयोगाचा राहत नाही. म्हणून आज सगळं नीट लिहून देतोय. सेव्ह करून ठेवा, मैदानावर जायच्या आदल्या रात्री परत वाचा.

आधी धंद्याची बाजू बघा. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्नाचे मुहूर्त जवळपास नसतात. दुकानाचं भाडं, लाइटबिल, पोराचा पगार मात्र बाराही महिने चालू. नेमक्या याच महिन्यांत शाळा-कॉलेजच्या क्रीडा स्पर्धा सुरू असतात. म्हणजे आपला रिकामा सीझन तो मैदानाचा भरलेला सीझन. ही ऑर्डर कुणीतरी घेणारच आहे, मग आपण का नाही?

रग्बीच का? कारण या खेळात सगळं आहे. पळणं, उडी, अंगावर पडणं, चिखल, घोळका. रग्बी जमली की फुटबॉल, हॉकी, मातीतली कबड्डी सोपी वाटते. आणि खेळ आपल्याकडे नवखा नाही. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर तो कित्येक दशकं खेळला जातोय. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपासून सात खेळाडूंची रग्बी, म्हणजे रग्बी सेव्हन्स, ऑलिंपिकमध्ये आहे. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीगचा पहिला सीझन झाला. शाळा-कॉलेजची पोरंही आता हा लांबट चेंडू घेऊन पळताना दिसतात.

अडचण एकच आहे. आपला हात लग्नाला बसलेला आहे. लग्नात नवरदेवाला "परत एकदा हार घाला" म्हणता येतं. मैदानावर कुणी परत पळून दाखवत नाही. सेव्हन्सचा सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा, मध्ये दोन मिनिटांची विश्रांती. चौदा मिनिटांत खेळ संपला. तेवढ्यात सेटिंग शोधत बसलात तर ऑर्डर गेली.

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: दाणेदार फोटो विकला जातो, हललेला फोटो विकला जात नाही. बाकी सगळी सेटिंग या एका वाक्यातून निघते.

खेळ थोडासा समजून घ्या

नियमांचं पुस्तक वाचायची गरज नाही. फोटोवाल्याला पाच गोष्टी पुरतात.

एक, रग्बीत हाताने पास फक्त बाजूला किंवा मागे देता येतो, पुढे नाही. म्हणजे चेंडू ज्याच्या हातात आहे तोच बहुतेक वेळा आपल्या संघाच्या पुढे असतो. कॅमेरा त्याच्यावर ठेवा. पास गेला तर तो त्याच्या बाजूच्या किंवा मागच्या माणसाकडेच जाणार.

दोन, ट्राय म्हणजे नुसती रेषा ओलांडणं नाही. चेंडू रेषेपलीकडे जमिनीला टेकवावा लागतो. ट्रायचे पाच गुण मिळतात आणि फोटो त्या टेकवण्याच्या क्षणाचा असतो. खेळाडू रेषेजवळ आला की बटणावर बोट तयार ठेवा, रेषा ओलांडली म्हणून कॅमेरा खाली करू नका.

तीन, टॅकल. पळणाऱ्याला दुसरा पकडून पाडतो. सगळ्यात जास्त हालचाल इथे असते आणि लोकांना सगळ्यात जास्त आवडतो तो हाच फोटो.

चार, लाइनआउट. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की दोन्ही संघ रांगेत उभे राहतात, चेंडू वरून आत टाकतात आणि खेळाडू आपल्या माणसाला वर उचलतात. हा फोटो उभ्या फ्रेममध्ये घ्या. वर पोचल्यावर खेळाडू क्षणभर थांबल्यासारखा असतो, तोच तुमचा क्षण.

पाच, मैदान मोठं आहे. दोन ट्राय लाइनमध्ये १०० मीटरपर्यंत अंतर, रुंदी ७० मीटरपर्यंत. सेव्हन्समध्ये एवढ्या मैदानात फक्त चौदा जण पळतात. म्हणून मोकळं, लांब आणि वेगवान पळणं जास्त दिसतं.

पहिला निर्णय: शटर स्पीड

लग्नात आपण १/१२५ वर आरामात असतो. मैदानावर तो आकडा का चालत नाही, याचा साधा हिशोब करू.

१०० मीटर १४ सेकंदांत पळणारा मुलगा सेकंदाला साधारण ७ मीटर जातो. आता शटर उघडं असताना तो किती सरकला ते बघा:

१/१२५ ला: साडेपाच सेंटिमीटरच्या वर
१/२५० ला: जवळपास ३ सेंटिमीटर
१/५०० ला: दीड सेंटिमीटरच्या आत
१/१००० ला: ७ मिलिमीटर
१/२००० ला: साडेतीन मिलिमीटर

साडेपाच सेंटिमीटर म्हणजे चेहऱ्यावर नाकाची जागाच बदलली. ७ मिलिमीटर असेल तर प्रिंटमध्ये फारसं कळत नाही. आणि हा हिशोब फक्त शरीराचा आहे. पळताना हात आणि पाय शरीरापेक्षा जास्त वेगाने हलतात. म्हणून १/१००० हा आपला पाया. ऊन चांगलं असेल तर १/१६०० किंवा १/२००० वर जा. १/१००० च्या खाली यायचं ते अगदीच नाइलाज असेल तेव्हा.

इथे एक गोष्ट फार कामाची आहे. खेळाडू तुमच्या समोरून आडवा पळत असेल तर हालचाल सगळ्यात जास्त दिसते. तोच खेळाडू सरळ तुमच्या दिशेने येत असेल तर तेवढ्याच वेगाला फ्रेममधली हालचाल खूप कमी असते. त्यामुळे प्रकाश कमी झाला की साइडलाइन सोडा आणि ट्राय लाइनच्या मागे जाऊन बसा. तिथे १/८००, अगदी १/६४० लाही हातात फोटो येतात. जागा बदलणं ही फुकटातली सेटिंग आहे.

दुसरा निर्णय: अपर्चर

अपर्चर जेवढं उघडं तेवढा प्रकाश जास्त, पण फोकसची पट्टी अरुंद. ही पट्टी किती अरुंद असते ते बघा. फुल फ्रेम कॅमेरा, २०० मिमी लेन्स, खेळाडू २० मीटरवर. एफ २.८ ला साधारण पावणेदोन मीटर खोलीचा भाग शार्प येतो. एफ ४ ला अडीच मीटरच्या जवळपास. तोच खेळाडू १० मीटरवर आला की एफ २.८ ला ही पट्टी चाळीस-बेचाळीस सेंटिमीटरच उरते. म्हणजे चेंडू शार्प आणि चेहरा गेला, असं सहज होतं.

म्हणून माझा नियम सोपा आहे. प्रकाश भरपूर असेल तर एफ ४. टॅकलमधले दोघंही शार्प मिळायची शक्यता वाढते आणि मागची गर्दीही पुरेशी धूसर राहते. प्रकाश कमी झाला की एफ २.८. एफ ८ किंवा एफ ११ ला जाऊ नका, कारण मागचे बॅनर, पार्क केलेल्या गाड्या, वडापावची गाडी, सगळं स्पष्ट दिसायला लागतं आणि खेळाडू त्यात हरवतो.

तुमच्याकडे किटबरोबर आलेली ५५-२५० किंवा ७०-३०० असेल तर झूम केल्यावर ती एफ ५.६ लाच अडकते. दिवसा काही हरकत नाही, बिनधास्त वापरा. फक्त एफ २.८ पासून एफ ५.६ म्हणजे प्रकाश चौथा हिस्सा, हे ध्यानात असू द्या. जिथे दुसऱ्याला आयएसओ १६०० लागेल तिथे तुम्हाला ६४०० लागेल.

तिसरा निर्णय: आयएसओ कॅमेऱ्याला ठरवू द्या

शटर आणि अपर्चर आपण ठरवलं. आता उरला आयएसओ. तो ऑटोवर टाका. मोड मॅन्युअल, शटर १/१०००, अपर्चर एफ ४ आणि आयएसओ ऑटो. ढग आला की कॅमेरा आयएसओ वाढवेल, ऊन पडलं की कमी करेल. तुमचं शटर मात्र हलणार नाही. वरची मर्यादा मेनूमध्ये ठरवता येते. जुनी क्रॉप बॉडी असेल तर ६४००, नवी फुल फ्रेम असेल तर १२८०० ठेवा.

"पण सर, ६४०० ला दाणे येतात!" येऊ द्या. मुलाच्या वडिलांना आपला मुलगा चेंडू घेऊन पळताना स्पष्ट दिसला पाहिजे. ८ बाय १२ च्या प्रिंटवर दाणे बरेचसे लपतात, मोबाइलवर तर आणखी लपतात. नॉइज कमी करायला सॉफ्टवेअर आहे. हललेला चेहरा मात्र सॉफ्टवेअरने नीट परत येत नाही, आला तरी तो त्या मुलासारखा दिसत नाही.

काही जण आयएसओची भीती बाळगून फोटो अंधारा काढतात आणि नंतर कॉम्प्युटरवर उजळ करतात. त्यात दाणे उलट जास्त उठून दिसतात. मैदानावरच पुरेसा उजळ फोटो घ्या.

ऑटो आयएसओ कधी बंद करायचा? ऊन स्वच्छ आहे, ढगाचा पत्ता नाही आणि एका संघाचा ड्रेस पांढरा, दुसऱ्याचा काळा आहे, अशा वेळी. पांढरा ड्रेस फ्रेममध्ये आला की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार आहे, तो फोटो काळपट करतो. काळा आला की उलटं. ऊन तर तेवढंच आहे! मग आयएसओही स्वतः ठरवून टाका. एक-दोन टेस्ट फोटो घ्या, स्क्रीनवर झूम करून चेहरे बघा आणि पुढे हात लावू नका. प्रकाश बदलता असेल तर ऑटोच ठेवा आणि चेहऱ्यावर सावली पडत असेल तर कॉम्पेन्सेशन अधिक ०.७ करा. काही जुन्या बॉडीवर मॅन्युअल मोडमध्ये ऑटो आयएसओ असताना कॉम्पेन्सेशन चालत नाही. आपल्या बॉडीवर चालतं का ते घरीच तपासा.

फोकस: इथे सगळ्यात जास्त फोटो जातात

फोकस मोड सतत पाठलाग करणारा हवा. निकॉन आणि सोनीवर त्याला एएफ-सी म्हणतात, कॅननवर एआय सर्व्हो किंवा नुसतं सर्व्हो. लग्नातला सिंगल शॉट फोकस ठेवलात तर एकदा फोकस लागून तिथेच थांबेल आणि खेळाडू पुढे निघून जाईल.

फोकस पॉइंट कुठला घ्यायचा? सगळी स्क्रीन कॅमेऱ्याच्या हवाली करू नका. घोळक्यात तो जवळचा खांदा किंवा रेफरी पकडतो. मधला एक पॉइंट आणि त्याच्या आजूबाजूचे थोडे, किंवा छोटा झोन, एवढं ठेवा. तो पॉइंट खेळाडूच्या छातीवर धरा. नव्या मिररलेसवर चेहरा आणि डोळा ओळखणारा फोकस मोकळ्या पळण्यात झकास काम करतो. घोळका झाला की मात्र तो भलत्याच चेहऱ्यावर उडी मारू शकतो. अशा वेळी तो बंद करता यावा म्हणून एका बटणाला लावून ठेवा.

मध्येच कुणी आडवं गेलं तर फोकस लगेच त्याच्याकडे पळू नये, यासाठी मेनूमध्ये ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी किंवा लॉक-ऑन असा पर्याय असतो. तो जरा चिकट बाजूला ठेवा, म्हणजे रेफरी समोरून गेला तरी कॅमेरा तुमच्या खेळाडूला धरून राहील.

फोकसचं काम मागच्या एएफ-ऑन बटणावर द्यायची सवय लावलीत तर उत्तम. अंगठा फोकस धरतो, तर्जनी फोटो काढते. लाइनआउटला आधी फोकस धरून अंगठा सोडा आणि उडी आली की नुसतं तर्जनीनं दाबा. दोन रविवार सराव करा, हात बसतो.

बर्स्ट आणि फाइल: मोह आवरा

कॅमेरा सेकंदाला दहा फोटो काढतो म्हणून बटण दाबूनच ठेवायचं नाही. समजा एका सामन्यात ३०० फोटो काढले आणि दिवसभरात २० सामने झाले. झाले ६००० फोटो. एकेक फोटो बघून ठेवू की काढू हे ठरवायला ३ सेकंद धरा, पाच तास फक्त निवडण्यात गेले. एडिटिंग वेगळंच. तो वेळ तुमच्या खिशातून जातो. म्हणून तीन ते पाच फोटोंचा छोटा बर्स्ट. टॅकल सुरू होताना, ट्राय टेकवताना आणि त्यानंतर आनंदाच्या उड्या मारताना. आनंदाचे फोटो विसरू नका, ते सगळ्यात आधी विकले जातात.

रॉ की जेपीईजी? लग्नाला रॉ हवंच. मैदानावर दिवसभराची स्पर्धा असेल आणि प्रकाश चांगला असेल तर मी मोठ्या साइजचं जेपीईजी सांगेन. २४ मेगापिक्सेलची जेपीईजी साधारण १० एमबी धरली तरी ६००० फोटोंचे ६० जीबी होतात. रॉमध्ये हेच दीडशे जीबीच्या पुढे जातं. शिवाय रॉमध्ये कॅमेऱ्याचा बफर लवकर भरतो आणि ऐन ट्रायच्या वेळी कॅमेरा थांबतो. संध्याकाळी लाइटखाली किंवा फायनलला रॉ करा.

२४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल. यावर १२ बाय १८ ची प्रिंट आरामात निघते. लांबचा खेळाडू म्हणून फ्रेम निम्मी कापलीत तरी ३००० बाय २००० उरतं आणि ८ बाय १२ चांगली निघते. त्यामुळे अगदी घट्ट फ्रेम धरू नका. थोडी जागा सोडा, नाहीतर हात-पाय कापले जातात.

लाइटखालचा सामना

संध्याकाळी फ्लडलाइटखाली दोन गोष्टी त्रास देतात.

पहिली, लुकलुक. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. बऱ्याच ठिकाणचे लाइट त्यामुळे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही. पण १/१००० ला कॅमेरा त्या चढ-उताराचा फक्त दहावा भाग पकडतो. म्हणून एकाच बर्स्टमधला एक फोटो उजळ, पुढचा काळपट-पिवळा. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. तो लाइट पूर्ण असेल त्या क्षणी शटर उघडतो. वेग किंचित कमी होतो, चालेल. मिररलेसवाल्यांनी अशा लाइटखाली मेकॅनिकल शटर वापरावं, इलेक्ट्रॉनिक शटरने फोटोवर आडवे पट्टे येऊ शकतात.

दुसरी, रंग. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलात तर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येऊ शकतो. सामन्याआधी मैदानावरच्या लाइटखाली पांढरा कागद धरून कस्टम व्हाइट बॅलन्स करा. सगळे फोटो एकसारखे येतील आणि एडिटिंगचा तास वाचेल.

फ्लॅश? नको. पळणाऱ्या मुलाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणं धोक्याचं आहे आणि आयोजकही चालू देणार नाहीत. शिवाय एवढ्या अंतरावर तो पुरतही नाही.

तयार आकडे

हे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. इथून सुरुवात करा आणि टेस्ट फोटो बघून थोडं वर-खाली करा.

सकाळचं स्वच्छ ऊन: १/१६००, एफ ४, आयएसओ २०० च्या आसपास.
भर दुपार: १/२०००, एफ ४, आयएसओ १०० ते २००. चेहऱ्यावरच्या सावलीकडे लक्ष.
ढगाळ: १/१०००, एफ ४, आयएसओ ४०० ते ८००.
दाट ढग, रिमझिम: १/१०००, एफ २.८, आयएसओ ८०० ते १६००.
फ्लडलाइट: १/८००, एफ २.८, आयएसओ ३२०० ते ६४००, जागा ट्राय लाइनच्या मागे.

फ्लडलाइटला एफ ५.६ ची लेन्स असेल तर आयएसओ १२८०० च्याही पुढे जाईल. अशा ऑर्डरला लेन्स भाड्याने घ्या, नाहीतर ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगा की दिवसाचेच सामने करीन.

कुठे बसायचं, पावसात काय करायचं

ट्राय लाइनच्या मागचा कोपरा सगळ्यात चांगला. पळणारे तुमच्याकडे येतात, चेहरे दिसतात. पण अगदी रेषेला चिकटून बसू नका. ट्राय टेकवणारा मुलगा घसरत बराच पुढे येतो. आयोजकांना जागा विचारा, पाच-सहा मीटर मागे राहा आणि बॅग पायाजवळ पसरून ठेवू नका. गुडघ्यावर बसून काढा. खालून खेळाडू भारदस्त दिसतो. सकाळी शक्यतो सूर्य तुमच्या पाठीशी राहील अशी बाजू निवडा.

७०-२०० लेन्स या खेळाला पुरते. क्रॉप बॉडीवर ती जवळपास १०५-३०० सारखी दिसते. मैदानाच्या पलीकडच्या टोकाचे फोटो हव्यासाने काढू नका. चेहरा शेंगदाण्याएवढा येतो, विकला जात नाही. खेळ तुमच्या बाजूला येईपर्यंत थांबा.

पावसासाठी जाड पॉलिथिनची पिशवी, दोन रबर बँड, लेन्स हूड आणि कोरडा टॉवेल. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर वाफ धरते, म्हणून सामन्याच्या वीस मिनिटं आधी कॅमेरा बॅगेतच बाहेर ठेवा. आणि पाऊस आला म्हणून पळू नका. चिखलाने माखलेल्या पोरांचे फोटो आई-वडील हौसेने फ्रेम करतात.

आता पैशाचा हिशोब

बीबीएला ब्रेक-इव्हन शिकवतात, तो इथे कामाला येतो. एफ २.८ ची ७०-२०० नवी घ्यायची तर साधारण लाखाच्या वरच जाते. पहिल्याच ऑर्डरला घेऊ नका. समजा तुमच्याकडे तिचं भाडं दिवसाला १५०० रुपये आहे. मदतनीस १५००, प्रवास-जेवण १०००, एडिटिंगचा एक दिवस १५००. खर्च झाला ५५००. आयोजकाने १२,००० दिले तर ६५०० उरले. वर्षात अशा किती ऑर्डर पक्क्या आहेत ते मोजा आणि मगच लेन्सचा विचार करा. तुमच्या गावचे दर टाकून हीच बेरीज करा.

दुसरा मार्ग, पालकांना प्रिंट विकण्याचा. समजा ८ संघ, प्रत्येकी १२ खेळाडू. ९६ मुलं. त्यातल्या ३० पालकांनी ३०० रुपयांची एक फ्रेम घेतली तर ९००० रुपये. छान. पण हे तेव्हाच होईल जेव्हा प्रत्येक मुलाचा निदान एक शार्प फोटो तुमच्याकडे असेल. स्टार खेळाडूचे दोनशे आणि बाकावरच्या मुलाचा एकही नाही, असं झालं की गिऱ्हाईक हातातून गेलं. आयोजकांकडून संघांची यादी घ्या, जर्सी नंबरवर टिक करत जा. एखादा मुलगा शेवटच्या दोन मिनिटांसाठी मैदानात येतो. त्याच्या आईसाठी तीच फायनल असते. त्या दोन मिनिटांत तुमचं शटर १/१००० वर असलंच पाहिजे.

आणि परवानगी. मुलं लहान असतात. शाळेची आणि पालकांची लेखी संमती घेतल्याशिवाय एकही फोटो तुमच्या पेजवर किंवा दुकानाच्या काचेवर लावू नका. फोटो बघायची लिंक त्या-त्या शाळेच्या जबाबदार शिक्षकांकडेच द्या. नाव टिकवायला वर्षं लागतात, जायला एक पोस्ट पुरते.

या रविवारचा गृहपाठ

रग्बी नसली तरी चालेल. जवळच्या मैदानावर पोरं फुटबॉल खेळत असतील तिथे जा, विचारून परवानगी घ्या. एकाच मुलाचे पळताना १/२५०, १/५००, १/१००० आणि १/२००० ला प्रत्येकी दहा फोटो काढा. आधी तो आडवा पळताना, मग तुमच्या दिशेने येताना. दुकानात येऊन मोठ्या स्क्रीनवर चेहरे झूम करून बघा आणि प्रत्येक दहातले किती विकता येतील ते कागदावर लिहा. तुमची बॉडी, तुमची लेन्स, तुमचा हात, यांचा खरा आकडा त्या कागदावर असेल. माझ्या आकड्यांपेक्षा तो जास्त विश्वासाचा.

तो कागद कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवा. पुढच्या व्हिडिओत आयोजकाला कोटेशन कसं द्यायचं ते बघू. भेटूया.